गोगलगाईची मध्यस्थी

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी आगगाडी छत्रपति संभाजीनगर सोडून पूर्वेस निघाली म्हणजे जालन्याच्या अलीकडे बदनापूर हें स्टेशन लागतें. पूर्वीं निजामाच्या राज्यांत मोडणारा हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरांत भारतांत सामील झाला. पुढें १९८१ मध्यें जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि आज बदनापूर हें त्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. येथील कृषि संशोधन केंद्राचें नांव तुरीच्या वाणांमुळें शेतकऱ्यांच्या चांगलें परिचयाचें आहे. पूर्णेस मिळणारी दुधना नदी या तालुक्यांतून वाहते, आणि सोमठाण्याजवळ तिच्यावर धरण बांधलेलें आहे. पाऊस बेताचा, जमीन काळी आणि उन्हाळा कडक. वैशाखांत बांधावरच्या गवताचीं नुसतीं कुसळें उरतात, रानास भेगा पडतात, आणि नजर पोंचेल तेथवर तपकिरी रंगाखेरीज दुसरा रंग दिसत नाहीं. हिरवळ उरते ती फक्त पाण्याच्या कांठीं. आटत जाणाऱ्या तळ्याची, ओढ्यांतील डोहाची किंवा धरणाच्या फुगवट्याची जी ओली कड असते, तेथें हरळी आणि लव्हाळा तग धरून राहतो. गुराखी आपलीं गुरें तेथेंच नेतो. दुसरीकडे नेणार तरी कोठें?

त्याच ओल्या कडेवर चिखलाच्या रंगाची, लहानशा बोराएवढी एक गोगलगाय असते. गुराख्यास ती रोज दिसते, पण तिच्याकडे लक्ष द्यावें असें त्यास वाटत नाहीं. ती डसत नाहीं, पिकास उपद्रव देत नाहीं, गुरांच्या वाटेंत येत नाहीं. ‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही म्हण मराठी मनुष्य वरून गरीब दिसणाऱ्या कावेबाज माणसाला लावतो. ती खऱ्या गोगलगाईलाच अक्षरशः लागू पडेल, असें म्हण करणाराच्या मनांतहि आलें नसेल. परंतु या निरुपद्रवी प्राण्याच्या पोटांत पायांहून कितीतरी भयंकर वस्तु असूं शकते. गायी, म्हशी, शेळ्या आणि मेंढ्या यांचें यकृत पोखरणारे कृमि तिच्याच पोटांत लहानाचे मोठे होतात. हें सत्य मनुष्यास कळावयास कित्येक शतकें लागलीं. त्या शोधाची हकीकत जितकी मनोरंजक तितकीच उद्बोधक आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. जनावर हळूहळू खंगत जातें. चारा खातें, पण अंगीं लागत नाहीं. दूध आटतें. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आंतील लाली जाऊन ती पांढुरकी झालेली दिसते. पुढें जबड्याखालीं पाणी सांचून मऊ सूज येते. मेंढ्यांच्या कळपांत तर कधीं कधीं फारसें कांहीं चिन्ह न दिसतां एकामागून एक मेंढी पडते. असें जनावर मेल्यावर त्याचें यकृत चिरून पाहिलें, तर पित्तवाहिन्या जाड व टणक झालेल्या आढळतात, आणि त्यांतून झाडाच्या पानासारखे चपटे, तपकिरी कृमि बाहेर पडतात. या आकारामुळेंच त्यांस पर्णकृमि म्हणतात. थंड देशांतील जातीचा कृमि सुमारें तीन सेंटिमीटर लांब असतो. हिंदुस्थानासारख्या उष्ण देशांतील जाति त्याहून बरीच मोठी असून ती सात सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिच्या प्रचंड आकारावरून इंग्रज शास्त्रज्ञ कॉबोल्ड यानें १८५५ मध्यें तिला ‘फॅसिओला जायगँटिका’ हें नांव दिलें. त्याला ती प्रथम सांपडली ती एका जिराफाच्या यकृतांत.

हे कृमि यकृतांत आले कोठून, हा प्रश्न जुनाच होता. आपल्याकडे चरकसंहितेंत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि शरीरांतील मल, कफ, रक्त यांच्या आश्रयानें ते कसे उत्पन्न होतात याचा विचार केलेला आहे. युरोपांतहि कुजण्यापासून कृमि आपोआप निर्माण होतात ही समजूत दीर्घकाळ टिकून होती. मात्र ज्यांचा जनावरांशीं रोजचा संबंध होता, त्या मेंढपाळांचा अनुभव कांहीं निराळें सांगत होता. फ्रान्सचा राजा पांचवा चार्ल्स याच्या आज्ञेवरून जान द ब्री या मेंढपाळानें १३७९ मध्यें मेंढ्यांच्या जोपासनेवर एक ग्रंथ रचला. दलदलीच्या जागीं उगवणारी एक विशिष्ट वनस्पति खाल्ल्यामुळें मेंढ्यांचें यकृत सडतें, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. त्या वनस्पतीचें जें फ्रेंच नांव, तेंच पुढें कृमीलाहि चिकटलें. वनस्पतीवरचा त्याचा आरोप खोटा होता. पण जागा त्यानें बरोबर हेरली होती. रोग ओल्या कुरणांतून येतो, एवढें त्या अनुभवी माणसानें ओळखलें होतें. त्या कुरणांतील नेमकी कोणती वस्तु रोगाला कारण होते, हें समजण्यास मात्र आणखी पांचशें वर्षें जावयाचीं होतीं.

मधल्या काळांत या कोड्याचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणीं हातीं येत होते. ते एकमेकांस जुळतात याची कोणास कल्पना नव्हती. डेन्मार्कमधील म्युलर या शास्त्रज्ञास १७७३ मध्यें पाण्यांत शेपटी हलवीत पोहणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. ते स्वतंत्र प्राणी आहेत असें मानून त्यानें त्यांस ‘सर्केरिया’ असें नांव दिलें. हेच जीव गोगलगाईंच्या शरीरांतहि असतात, हें कांहीं निरीक्षकांच्या नजरेस आलें. नंतर १८४२ मध्यें त्याच देशांतील स्टीनस्ट्रुप यानें एक विलक्षण सिद्धांत मांडला. कांहीं प्राण्यांत मुलगा बापासारखा नसतो, नातूहि नसतो. दोनतीन पिढ्या निराळ्याच रूपांत काढल्यावर मूळ रूप पुन्हां प्रकट होतें, असें त्याचें म्हणणें होतें. पर्णकृमि हे याचें उत्तम उदाहरण म्हणून त्यानें पुढें केलें. गोगलगाईंतील शेपटीवाला जीव हा कृमीचाच वंशज आहे, ही दिशा येथें सांपडली. पण मेंढीच्या यकृतांतील कृमीचा गोगलगाईच्या नेमक्या कोणत्या जातीशीं संबंध आहे, हें कोणीच सिद्ध केलेलें नव्हतें.

तें सिद्ध करण्याची निकड एका मोठ्या आपत्तीनें निर्माण केली. १८७९ चें वर्ष इंग्लंडांत अतिशय पावसाळी गेलें. कुरणें महिनोन् महिने पाण्यानें थबथबलेलीं राहिलीं, आणि त्या वर्षाच्या व पुढच्या वर्षाच्या हंगामांत यकृताच्या रोगानें सुमारें तीस लाख मेंढ्या दगावल्या. शेतकरी हवालदिल झाले. तेव्हां इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनें या रोगाच्या संशोधनासाठीं पैसा देऊं केला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रोल्स्टन यांनीं या कामीं अल्जर्नन टॉमस या तेवीस वर्षांच्या तरुणाची निवड केली. स्वतः रोल्स्टन यांचा संशय जमिनीवर सरपटणाऱ्या एका काळ्या, कवचहीन गोगलगाईवर होता. टॉमसनें गुरूंच्या मतापुढें मान तुकविली नाहीं. तो कुरणांतून हिंडत राहिला, आणि ज्या ज्या जातीची गोगलगाय सांपडेल ती फोडून पाहूं लागला.

१८८० च्या डिसेंबरांत ऑक्सफर्डजवळील वाइटम येथें ‘लिम्निया ट्रंकॅट्युला’ नांवाच्या एका इवल्याशा गोगलगाईच्या पोटांत त्याला संशयास्पद डिंभ आढळले. हेच ते असावेत असें त्यास वाटलें. परंतु वाटणें निराळें आणि सिद्ध करणें निराळें. कृमीच्या अंड्यांतून निघालेला जीव या गोगलगाईंत शिरतांना प्रत्यक्ष दाखविला पाहिजे होता. त्यासाठीं निरोगी गोगलगाई हव्या होत्या; आणि पुढच्या वर्षीं कितीहि शोध केला तरी त्या मिळेनात. शेवटीं १८८२ च्या उन्हाळ्यांत नदीस पूर आला, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या गोगलगाई विपुल वाहून आल्या. ज्या पाण्यानें मेंढ्या मारल्या, त्याच पाण्यानें संशोधकाला त्याची सामग्री आणून दिली. टॉमसनें कांचेच्या भांड्यांत गोगलगाई आणि नुकतेच अंड्यांतून फुटलेले जीव एकत्र ठेवले, आणि पुढील सर्व अवस्था एकामागून एक डोळ्यांनीं पाहिल्या. जवळजवळ त्याच सुमारास जर्मनींतील लाइपझिग येथें विख्यात कृमिशास्त्रज्ञ र्‍युडॉल्फ लॉइकार्ट हेहि स्वतंत्रपणें याच निष्कर्षास पोंचले. एक नामांकित वृद्ध आचार्य आणि एक अपरिचित तरुण, दोघांनीं एकाच वेळीं एकच गांठ सोडविली. टॉमसचा सविस्तर निबंध १८८३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं तो न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें प्राध्यापक म्हणून निघून गेला.

या दोघांनीं उलगडलेलें जीवनचक्र एखाद्या अद्भुत कथेसारखें आहे. यकृतांतील कृमि अंडीं घालतो. तीं पित्ताबरोबर आंतड्यांत व तेथून शेणावाटे बाहेर पडतात. शेण कोरड्या जागीं पडलें तर अंडीं वाळून मरतात. तें पाण्यांत किंवा ओलींत पडलें, तर ऊब असल्यास सुमारें दोन आठवड्यांत अंड्याचें झांकण उघडून एक केसाळ डिंभ बाहेर येतो. त्याला तोंड नाहीं, अन्न नाहीं. बरोबर आणलेल्या शिदोरीवर तो फार तर एक दिवस जगतो. तेवढ्या अवधींत त्याला योग्य जातीची गोगलगाय गांठलीच पाहिजे. ती भेटली तर तिचें अंग भोंसकून तो आंत शिरतो. तेथें त्याची पिशवी बनते, पिशवींतून दुसऱ्या रूपाचे जीव निघतात, त्यांतून पुन्हां तसलेच जीव, आणि अखेरीस शेंकडों शेपटीवाले डिंभ तयार होतात. एक जीव आंत गेला, त्याचे शेंकडों झाले. कांहीं आठवड्यांनीं हे डिंभ गोगलगाईतून बाहेर पडतात, पाण्यालगतच्या गवताच्या पात्याला चिकटतात, शेपटी टाकतात, आणि स्वतःभोंवतीं कवच करून गप्प बसतात. आतां त्यांना कोठेंहि जावयाचें नसतें. गुरूं आपण होऊन त्यांच्याकडे येतें.

या शेवटच्या पायरीची खात्री हवाई बेटांत झाली. तेथें १८९२-९३ च्या सुमारास ब्राझीलचे वैद्य आदोल्फो लुत्स यांनीं गवतावरील हे कवचधारी डिंभ जनावराच्या पोटांत गेल्यानेंच रोग होतो हें प्रयोगानें दाखविलें. पोटांत गेल्यावर कवच विरघळतें. मोकळा झालेला लहान कृमि आंतड्याची भिंत भेदून यकृताकडे जातो, दोन महिने यकृताच्या मांसांत बोगदे पाडीत फिरतो आणि मग पित्तवाहिनींत स्थिर होतो. कळपांतील मेंढ्या धडाधड पडतात त्या या बोगद्यांमुळें. म्हैस वर्षभर खंगत जाते ती पित्तवाहिनींतील मुक्कामामुळें. या साऱ्या प्रवासांत गोगलगाय ही मधली पोषक आहे. ती नसेल तर एका जनावराचा कृमि दुसऱ्या जनावरास लागूं शकत नाहीं. एकाच गोठ्यांत रोगी व निरोगी जनावर वर्षानुवर्षें शेजारीं बांधलें आणि त्यांस कोरडा चारा घातला, तरी रोग पसरणार नाहीं. मध्यस्थ असल्यावांचून हा व्यवहार होतच नाहीं.

हिंदुस्थानांत या विषयाचा आरंभ मनुष्याच्या यकृतापासून झाला. १८७४ च्या सप्टेंबरांत कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमध्यें एका चिनी सुताराच्या प्रेताची तपासणी करतांना प्राध्यापक मॅक्कॉनेल यांना त्याच्या पित्तवाहिन्यांत एका नव्याच जातीचे कृमि आढळले. चीन, कोरिया वगैरे देशांत लाखों लोकांस पीडणारा जो यकृतकृमि, त्याचा शोध असा कलकत्त्यांत लागला. त्याचें चक्र उलगडण्याचा मान मात्र जपान्यांकडे जातो. कोबायाशि यांनीं १९१० च्या सुमारास दाखविलें कीं हे डिंभ गोड्या पाण्यांतील माशांत दडतात, आणि कच्चा मासा खाणाराच्या पोटांत जातात. त्याआधीं ते कोणत्या गोगलगाईंत वाढतात, हें मूतो यांनीं १९१८ मध्यें निश्चित केलें.

गुरांच्या रोगांकडे सरकारचें लक्ष जाण्यास पुणें शहर निमित्त झालें. १८८९ मध्यें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें जनावरांच्या रोगांच्या अभ्यासाकरितां इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्यें हिमालयाच्या कुशींतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. तेथें १९०६ मध्यें माँटगोमेरी यांना गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमींच्या नव्या जाति सांपडल्या. हे कृमि यकृतकृमींचे चुलतभाऊच म्हणावे लागतील. फरक एवढाच, कीं यांचे डिंभ गवतावर बसत नाहींत, तर पाण्यांत उतरलेल्या प्राण्याची कातडी भेदून थेट आंत शिरतात.

पुढें पहिलें महायुद्ध आलें. हिंदी सैनिक ईजिप्त व मेसापोटेमिया येथें लढले. तेथें मनुष्याच्या मूत्राशयास पीडणारा अशाच जातीचा रक्तकृमि फार. लघवींतून रक्त जाणें हें त्या रोगाचें लक्षण. याच कुळांतील एका कृमीचे डिंभ गोगलगाईंत वाढतात हें मियाइरी व सुझुकी यांनीं जपानांत १९१३ मध्यें, आणि ईजिप्तमधील कृमींचें तसेंच असल्याचें लीपर यांनीं १९१५ मध्यें सिद्ध केलें होतें. तेव्हां परत येणाऱ्या सैनिकांबरोबर हा रोग हिंदुस्थानांतील तळ्यांत रुजेल काय, अशी धास्ती उत्पन्न झाली. उत्तर शोधावयाचें तर येथील गोगलगाई तपासणें भाग होतें. मुंबईंत परळच्या बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरींत, म्हणजे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्थेंत, डॉ. लिस्टन आणि त्यांचे सहकारी डॉ. एम. बी. सोपारकर यांनीं हें काम हातीं घेतलें. १९१८ मध्यें त्यांनीं गुरांतील एका रक्तकृमीचें जीवनचक्र प्रसिद्ध केलें, आणि १९२१ मध्यें सोपारकरांनीं त्याच्या दुभंगलेल्या शेपटीच्या डिंभाचें सविस्तर वर्णन दिलें. हा डिंभ ज्या गोगलगाईंत वाढतो ती ‘इंडोप्लॅनॉर्बिस’ नांवाची, चकतीप्रमाणें सपाट वेटोळ्याची गोगलगाय महाराष्ट्रांतील तळ्याडबक्यांतून सर्वत्र आढळते. लगोलग १९२२ मध्यें सीमोर स्यूएल यांनीं हिंदी गोगलगाईंतील असल्या डिंभांचा मोठा संग्रहग्रंथच सिद्ध केला. त्यानंतर मुक्तेश्वर येथील संस्थेंत जी. डी. भालेराव यांनीं हिंदुस्थानांतील पाळीव जनावरांच्या कृमींचा समग्र परामर्श घेणारा ग्रंथ १९३५ मध्यें लिहिला, आणि लखनौच्या थापर व टंडन यांनीं १९५२ मध्यें येथील मोठ्या यकृतकृमीचें चक्र वर्णन केलें. पात्र तेंच, कथानक तेंच. मध्यस्थ मात्र येथील. इंग्लंडांतील गोगलगाय ओल्या कुरणांत राहते, तर आपल्याकडील पाण्यांतच अधिक रमते.

१९५२ हेंच वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीनें आणखी एका कारणानें स्मरणीय आहे. सैनिकांच्या बाबतींत जी धास्ती वाटली होती, ती खोटी ठरली असा तोंवर सर्वांचा समज झाला होता. आफ्रिकेंत हा मूत्राशयाचा रोग ज्या गोगलगाईमुळें पसरतो, ती ‘ब्युलिनस’ नांवाची गोगलगाय हिंदुस्थानांत नाहीं. सबब हा रोग येथें रुजणें शक्य नाहीं, असें तर्कशुद्ध अनुमान होतें. परंतु डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांना रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत गिमवी या गांवीं परदेशीं कधींहि न गेलेल्या लोकांत हाच रोग आढळला. मग मध्यस्थ कोण? वेटोळ्याच्या गोगलगाई तपासून कांहीं निष्पन्न होईना. अखेरीस १९५५ मध्यें त्यांनीं ‘फेरिसिया टेनुइस’ या जातीकडे बोट दाखविलें. ही गोगलगाय अवघी कांहीं मिलिमीटर लांब. तिच्या कवचास वेटोळें नाहीं, तर तें उपड्या घातलेल्या टोपीसारखें असतें, आणि ती पाण्यांतील पानांना व दगडांना चिकटून राहते. सामान्य माणूस तिला गोगलगाय म्हणून ओळखणारहि नाहीं. पुढें तेथील रोग्यांस औषधोपचार झाले, गोगलगाई मारण्याचे उपाय झाले, आणि रोग हटला. अनुमान कितीहि सुबक असलें तरी पाण्यांत हात घालून पाहिल्यावांचून त्यावर विसंबूं नये, हा धडा मात्र गिमवीनें कायमचा दिला. तसाच प्रकार पालघर तालुक्यांत दिसून आला. तेथें मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या एका मोठ्या पर्णकृमीची पाहणी १९७२ मध्यें प्रसिद्ध झाली. हा कृमि पाणवनस्पति कच्च्या खाण्यांतून पोटांत जातो, आणि त्याचाहि मध्यस्थ गोगलगायच आहे.

मध्यस्थ सांपडला, तेव्हां मध्यस्थालाच नाहींसा करावा ही कल्पना साहजिक होती. अमेरिकेंतील चँडलर यांनीं १९२० मध्यें पाण्यांत मोरचूद टाकण्याचा उपाय सुचविला. त्यानें गोगलगाई मरतात खऱ्या; पण मोरचूद मासळीसहि विषारी आहे, आणि थोड्याच अवधींत उरल्यासुरल्या गोगलगाईंपासून तळें पुन्हां भरून जातें. दुसरी बाजू औषधांची. १९२० नंतरच्या दशकांत कार्बन टेट्राक्लोराइड हें तीव्र द्रव्य जनावरांस पाजीत. त्यांत कृमीबरोबर जनावरहि दगावण्याचें भय असे. १९८० नंतर ट्रायक्लाबेंडाझोल हें कोवळ्या कृमींवरहि चालणारें औषध आलें. परंतु १९९५ मध्येंच ऑस्ट्रेलियांत त्यास दाद न देणारे कृमि आढळल्याचें प्रसिद्ध झालें. मारून टाकण्याच्या वाटेनें जय मिळतो तो तात्पुरता, हें दोन्ही ठिकाणीं दिसून आलें.

आतां पुन्हां दुधनेच्या कांठीं यावयाचें. ज्या प्रदेशांत पाऊस थोडा, तेथें पाण्याचा रोग कमी असणार असें शहरांतील सुशिक्षित माणसास वाटेल. इंग्लंडांत तसेंच होतें. तेथें रोग पावसाळी वर्षांत बळावला. कोंकणांत भाताच्या खाचरांमुळें तो वर्षाचा पुष्कळ काळ संभवतो. पण मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलुखांत पाणी आटूं लागलें म्हणजे धोका वाढतो. पावसाळ्यांत रानोमाळ चारा असतो, गुरें पांगलेलीं असतात. पाणी मागें हटूं लागलें कीं गोगलगाई तेवढ्याच पाण्यांत दाटीनें गोळा होतात, पाण्याखालचें गवत उघडें पडतें, आणि सबंध गांवचीं गुरें त्याच अरुंद पट्ट्यावर येऊन चरतात, तेथेंच पाणी पितात, तेथेंच शेण टाकतात. कृमि, मध्यस्थ आणि गुरूं या तिघांची गांठ घालून देण्यास याहून सोयीची जागा कोणती? जेथें पाणी तेथें हिरवें, आणि जेथें हिरवें तेथें कृमि, असा हा प्रकार आहे. धरणानें या तालुक्यास पाणी दिलें हें त्याचें उपकारच. पण त्या पाण्याची कड पूर्वीच्या ओढ्याच्या कडेहून लांबलचक असते, आणि ती वर्षभर ओली राहते, हेंहि विसरतां येत नाहीं.

उपाय त्याच हकीकतींत आहेत. साखळीची कोणतीहि एक कडी तुटली तरी पुरे. गुरांना तळ्यांत उतरवूं न देतां कांठापासून दूर हौदांत पाणी दिलें, तर शेण पाण्यांत पडत नाहीं आणि कांठचें गवतहि तोंडीं लागत नाहीं. शेण उकिरड्यांत नीट रचून मुरवलें तर त्याच्या उष्णतेनें अंडीं मरतात. कांठचें गवत कापून आणावयाचेंच असेल तर पात्याचा पाण्यांत बुडालेला भाग टाळावा, आणि तें पुष्कळ दिवस कडक उन्हांत वाळवून मगच घालावें; ओलसर ठेवलेल्या गवतांत हे डिंभ दीर्घकाळ जिवंत राहतात. बदकें गोगलगाई आवडीनें खातात. औषध द्यावयाचें तें पशुवैद्यास शेण तपासावयास देऊन, त्याच्या सल्ल्यानें योग्य वेळीं द्यावें. यांतील एकहि गोष्ट फार खर्चाची नाहीं. परंतु ती करण्यास गुराख्याला एक गोष्ट ठाऊक असावी लागते, ती ही कीं त्याच्या म्हशीचें दूध आटण्यास कोणाची दृष्ट कारण नाहीं, आणि नशीबहि कारण नाहीं.

जान द ब्री या मेंढपाळानें ओल्या कुरणाकडे बोट दाखविलें तें १३७९ मध्यें. टॉमसनें त्या कुरणांतील गोगलगाय उचलून दाखविली ती १८८० मध्यें. त्या शोधास आतां जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं. ग्रंथांतून व प्रयोगशाळांतून हें ज्ञान कधींच पक्कें झालें आहे. ऑक्सफर्ड, लाइपझिग, कलकत्ता आणि परळ एवढी मजल त्यानें मारली. तळ्याच्या कांठीं काठी टेकून उभ्या असलेल्या माणसापर्यंतचें अंतर मात्र तें सर्वत्र सारखें चाललेलें नाहीं. तें अंतर चालून जाण्यासहि कोणी मध्यस्थ हवा. शाळेंतील शिक्षक, गांवचा पशुवैद्य, सुटींत घरीं गेलेला शिकलेला मुलगा, यांपैकीं कोणीहि तें काम करूं शकेल. त्यानें करावयाचें एवढेंच कीं चिखलांतून एक गोगलगाय उचलावी, ती गुराख्याच्या तळहातावर ठेवावी, आणि तिच्या पोटांत काय आहे तें त्यास सांगावें.